उतारावरचं 'चालेल'

माझ्या मुलीला शनिवारी एक माणूस कमी पडत होता आणि मला सातही दिवस. अशी आमची जोडी जमली.

मुलगी सव्वीस वर्षांची. इथेच अमेरिकेत जन्मली, इथेच वाढली, आणि सिॲटलमध्ये सुतारकाम करते. हे वाक्य मी मुद्दाम असंच सांगते, कारण ते ऐकताना नागपूरच्या माझ्या मोठ्या बहिणीचा चेहरा बघण्यासारखा होतो. "म्हणजे इंटिरियर डिझाइन ना?" ती व्हिडिओवर विचारते. मी म्हणते, "नाही ताई, रंधा मारते." मग ताई विषय बदलून हवामानावर येते.

तर या सुतार मुलीला हिवाळ्यात डोंगरात जायचं वेड आहे. तिकीट काढून पाळण्यात बसून वर जायचे ते डोंगर नव्हेत. जिथे पाळणा नाही, रस्ता नाही, आणि काही झालं तर शिट्टी वाजवत धावून येणारं कोणी नाही, तिथे. अशा ठिकाणी एकट्याने जायचं नसतं. तिचं त्रिकूट होतं, त्यातली एक मैत्रीण दुसऱ्या राज्यात गेली आणि त्रिकुटाचं जोडपं झालं. तिच्या नियमाप्रमाणे ते अपुरं.

आता माझं सांगते. मी त्रेपन्न वर्षांची, सिॲटलजवळच्या बॉथेलमध्ये एका औषधांच्या लॅबमध्ये इतरांनी भरलेले कागद तपासते. नवरा चिप बनवण्याच्या कारखान्यात नोकरी घेऊन अठरा महिन्यांसाठी दूर वाळवंटातल्या चँडलरला गेला, त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. तो रोज फोन करून तिथल्या उन्हाचं वर्णन करतो. मी त्याला सांगते की इथे सूर्य कॅन्सल झालाय, पुढची तारीख कळवतील. फोन ठेवला की घरात फक्त डिशवॉशर बोलतो. मी त्याला उत्तरं देते. दुकानात मशीनवर बिल करायची सोय असली तरी मी माणूस बसलेल्या रांगेत उभी राहते, आणि माझ्या मागे गर्दी असेल तर पुढे जाऊ देते, म्हणजे माझी पाळी आली की निवांत बोलता येतं.

एका रविवारी मुलगी मेतकूट न्यायला आली आणि जाता जाता म्हणाली की तिसरा पार्टनर मिळत नाही.

"मी येते," मी म्हटलं.

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. "आई, तू पार्किंग लॉटमधल्या बर्फावर घसरतेस."

"म्हणून तर. मला अनुभव आहे."

"तुला कोर्स करावा लागेल. खरा कोर्स. अॅव्हलांचचा."

मी कोर्स केला. सांगायला मला लाज नाही, तो मी अक्षरशः गाजवला. वर्गात सगळे पंचविशीचे, दाढ्यावाले आणि वेण्यावाल्या, आणि मधोमध मी, स्वेटरवर शाल. शिकवणारी बाई माझ्याच वयाची होती, उन्हाने नाक सोललेलं. हिमस्खलन म्हणजे वरून गडगडत येणारा गोळा असं माझं चित्र होतं. तिने पहिल्याच तासाला ते पुसलं. बर्फ हिवाळाभर थरावर थर साचत जातो, आणि प्रत्येक थर वेगळ्या दिवसाचा, वेगळ्या स्वभावाचा. एखादा नाजूक थर खाली दबला, वर घट्ट जाड थर बसला, आणि उतार पुरेसा तिरका असला, की वरचा अख्खा पत्रा एकदम सुटतो. बहुतेक वेळा त्यावर चाललेल्या माणसाच्याच वजनाने.

हे मी नवऱ्याला फोनवर असं समजावलं: "वड्या थापताना ताटाला तूप लावायच्या ऐवजी कोरडं खोबरं भुरभुरवलं, वर वडीचं मिश्रण थापलं, आणि ताट कलतं केलं, तर काय होईल?"

"सगळी वडी एकदम खाली."

"आणि तू त्या वडीवर उभा आहेस."

"मी कशाला उभा राहीन? मी चँडलरला आहे," तो म्हणाला. त्याचं हे उत्तर मला फार दिवस पुरलं.

छातीला बांधायचं बीकन म्हणजे काय, तेही कळलं. आपण गाडलो गेलो तर आपला ठावठिकाणा दुसऱ्याच्या बीकनला सांगणारं ते यंत्र. बीकन घालून सरावासाठी पुरलेली पिशवी मी वर्गात दुसऱ्या क्रमांकाने शोधून काढली. पण बाईंनी सर्वांत जास्त वेळ घालवला तो एका साध्या गोष्टीवर. धोक्याच्या उताराशी पोचलं की थांबायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, पुढे जायचं की नाही. एक जरी 'नाही' आलं तरी सगळे परत. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. आणि सर्वांत नवख्या माणसाला पहिल्यांदा विचारायचं, कारण जाणकार बोलून गेल्यावर नवखा तोंड उघडत नाही. मी हे वहीत लिहून घेतलं आणि माझ्या सासरच्या कुटुंबात हा नियम लागू झाला असता तर किती लग्नं मोडली असती याचा हिशोब करत बसले.

पहिले तीन शनिवार आम्ही सौम्य, सपाट रानात फिरलो. पायाला रुंद स्नोशूज बांधून मी बदकासारखी चालायचे. त्रिकुटातला मुलीचा मित्र बरोबर असायचा, लाल दाढीचा, लांबलचक, शांत मुलगा. मुलीने त्याला 'काकू' म्हणायला शिकवलं होतं. तो ते इतक्या गंभीरपणे म्हणायचा की मला आपण एखाद्या न्यायालयात असल्यासारखं वाटायचं. बर्फात भूक लागली की मी थालीपीठ काढायचे, आणि तो थालीपीठ दोन्ही हातांत धरून खायचा.

पण खरं सांगू? माझा जीव डोंगरात नव्हताच. तो गाडीत होता. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, आणि मुलगी चालवायला. समोरासमोर बसली की माझ्याशी दहा मिनिटंही न बोलणारी ही मुलगी रस्त्याकडे बघत असली की सगळं सांगते. कोणत्या गिऱ्हाइकाने कपाटाचा रंग चारदा बदलला, तिला कशाची भीती वाटते, लहानपणी मी तिला कशावरून ओरडले होते. ही खिडकी मला सव्वीस वर्षांनी सापडली होती आणि ती माझ्या हातून जाऊ द्यायची नव्हती. बाकी सगळं, उतार, थर, बीकन, ते मी त्या खिडकीचं भाडं म्हणून भरत होते.

मग जानेवारीतला तो शनिवार.

त्याआधी आठवडाभर कडक थंडी आणि निरभ्र आकाश होतं. बर्फावर अशा वेळी गोठलेल्या दवाची पिसं उगवतात, काचेची असावीत अशी, बोट लावलं की मोडणारी. दिसायला इतकी सुंदर की मी आमच्या कुंपणावरच्या पिसांचे फोटो ताईला पाठवले होते. मग शुक्रवारी वारा आला आणि त्या पिसांवर फूटभर नवा बर्फ घालून गेला. सकाळी सात वाजता येणारं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन मी वाचलं. धोका पिवळा, म्हणजे मध्यम. बहुतेक ठिकाणी ठीक, पण सावलीतल्या उतारांवर ती पिसं खाली दबलेली आहेत, तिथे सांभाळा.

गाडीत मुलगी म्हणाली, "नेक्स्ट मंथ आम्ही एका हटमध्ये जातोय. तीन दिवस. आज नीट झालं तर, यू कॅन कम."

डोंगरातल्या झोपडीत तीन दिवस! मी मनातल्या मनात लाडू वळायला घेतले.

रानात ती दोघं पुढे, मी मागे. एका मोकळ्या जागेत माझ्या बुटाचा पट्टा सुटला म्हणून थांबले, वाकून बांधला, आणि पुढचं पाऊल टाकलं. पायाखाली आवाज झाला. ढप्प. वरच्या मजल्यावर कोणी धान्याचं पोतं आपटावं तसा. आणि मी जिथे उभी होते तो सगळा बर्फ, माझ्यासकट, बोटभर खाली बसला. आवाज माझ्यापासून निघून झाडांमध्ये दूर पळत गेला. वीस पावलांवरच्या एका लहान सूचिपर्णी झाडाने फांदीवरचा बर्फ खाली सोडला. त्याला कोणी हात लावला नव्हता.

तो आवाज मला ओळखीचा होता. वर्गात बाईंनी गाल फुगवून तो काढून दाखवला होता, आणि तो फोनवर ऐकवून मी नवऱ्याला हसवलं होतं. खालचा नाजूक थर मोडला की असा आवाज येतो. बुलेटिन चुकू शकतं, माणूस चुकू शकतो, पण हे बर्फाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असतं. त्या जागी जमीन सपाट होती, म्हणून तो फक्त खाली बसला. उतारावर असता तर निघाला असता.

पुढच्या दोघांना ऐकू गेलं नव्हतं. डोक्यावर टोप्या, वर वारा. मी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात वकील उभा राहिला. फांदी मोडली असेल. माझं वजन जास्त आहे. ती दोघं इथूनच गेली, त्यांना काही झालं नाही. आज नीट झालं तर, यू कॅन कम. मी चालू लागले.

वीस मिनिटांनी रान संपलं. समोर उघडा उतार, आमच्या अख्ख्या गल्लीएवढा, सावलीत, गुळगुळीत, कुठे एक चरा नाही. खाली खोलगट जागा. पलीकडे आम्हाला जायचं होतं ते तळं. मुलगी थांबली, माझ्याकडे वळली. नियमाप्रमाणे नवखी पहिली.

"आई? गो, ऑर नो गो?"

मी म्हटलं, "चालेल."

मराठी वाचणाऱ्यांना हा शब्द मी समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण मला आता त्याच्याशी हिशोब चुकता करायचा आहे. अजून एक पोळी वाढू का? चालेल! हे एक चालेल. तुला हवी ती साडी संपली, ही घेतली. चालेल. हे दुसरं. पहिल्यात शब्द वर उडतो, दुसऱ्यात तो जिना उतरून तळघरात जातो. आपल्यात जन्मलेल्या कोणालाही हा फरक अर्ध्या सेकंदात कळतो. चँडलरला जाण्याआधी नवऱ्याने विचारलं होतं, "अठरा महिन्यांचाच प्रश्न आहे. जाऊ ना?" तेव्हा मी तळघरातलं चालेल म्हटलं होतं. तो साताऱ्याचा, कानाचा तिखट. त्याने शब्द उचलला, बॅगेत भरला, आणि सूर माझ्याकडे ठेवून गेला.

मुलीला मी आयुष्यभर नकळत दुसऱ्या 'चालेल'ने वाढवलं होतं, पण पहिल्याचाच अर्थ शिकवला होता. ती मित्राकडे वळून म्हणाली, "शी इज अ येस."

"चालेल, काकू!" मित्र म्हणाला. नवा शब्द मिळाल्याच्या आनंदात त्याने अंगठा वर केला, पाठीवरची सॅक आवळली आणि पहिला निघाला. असा उतार एकेकाने ओलांडायचा असतो.

एक पाऊल, दोन, तीन. मी त्याची पाठ बघत होते. त्याची आई ओहायोमध्ये असते. तिला मी कधी पाहिलेलं नाही. ती त्या क्षणी कदाचित एखाद्या रांगेत उभी असेल, माझ्यासारखीच.

"नको!" मी ओरडले.

त्याला तो शब्द येत नव्हता. तो चालता चालता वळला, हसला, आणि हात हलवला. त्याला वाटलं, काकू उत्साह वाढवतायत. त्याने चौथं पाऊल टाकलं.

पण मुलीला तो शब्द येत होता. शेगडी, विजेचं बटण, रस्ता, कुत्रं: या शब्दावर ती वाढली होती. तिचं सगळं अंग जागच्या जागी थांबलं, आणि पुढच्या क्षणी तिने इंग्रजीत ओरडून त्याला थांबवलं, आपल्याच पावलांवर पाय ठेवून मागे यायला सांगितलं. चार पावलं यायला त्याला किती वेळ लागला, मला माहीत नाही. 

काहीही झालं नाही. उतार होता तसाच राहिला, पांढरा आणि निष्पाप.

मी आवाजाचं सांगितलं.

"कधी?"

"मागे. मोकळ्या जागेत."

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

ती वळून आल्या वाटेने चालू लागली. मित्र मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुड कॉल, काकू." मला त्याने ओरडलेलं बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत तो मागच्या सीटवर झोपला.  मग मुलगी मराठीत बोलली. एरवी ती मराठी-इंग्रजी मिसळते, भयंकर रागावली की मराठीच जास्त येते.

"तू हो बोललीस."

"मी चालेल म्हटलं."

"चालेल मीन्स हो!"

"नेहमी नाही."

"मला कसं कळणार? मला कोण सांगणार? मराठी तूच शिकवलंस ना?" तिचा आवाज फाटला. "तू ऐकलं होतंस. तुला माहीत होतं. व्हाय, आई?"

"हटला यायचं होतं," मी म्हटलं.

   घरापाशी मी उतरले तेव्हा तिने इंजिन बंद केलं नाही.

पुढचे दोन शनिवार फोन आला नाही. मी रोज सकाळी सातला बुलेटिन वाचायचे, जणू मला कुठे जायचंच आहे. एकदा बॉथेलमध्ये सहा इंच चिखलासारखा बर्फ पडला, तेव्हा मी फावडं घेऊन मागच्या अंगणात खड्डा खणला आणि थर तपासले. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, काही हरवलंय का? मी सांगितलं, नाजूक थर शोधतेय. ते म्हणाले, हवं तर त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर आहे.

नवऱ्याला सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता तेही तोंडातून निघून गेलं. "तू चँडलरला जाताना मी चालेल म्हटलं होतं, ते..."

 तो म्हणाला, "मला कळलं होतं गं."

"मग?"

"मला जायचं होतं."

 मग त्याने विचारलं, "आता परत यावं असं वाटतंय का? नीट सांग."

"हो. ये."

"बघतो," तो म्हणाला.

'बघतो' हा शब्द कोणत्या मजल्यावरून येतो ते मला विचारू नका.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी मुलगी आली. केसांत भुसा तसाच. बसली नाही. टेबलाशी उभी राहूनच बोलली, इंग्रजीत, सावकाश, जणू पाठ करून आली होती. मला ती या हिवाळ्यात उतारावर नेणार नाही. हटला दुसरी एक मुलगी जातेय. तिला माझ्यावर राग नाही, पण डोंगरात माझ्या 'हो'वर भरवसा ठेवता येणार नाही, आणि भरवसा नसेल तर पार्टनर नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"आई. आर यू ओके विथ इट? खरं सांग."

"नाही. मला फार वाईट वाटतंय. मी डोंगरासाठी येतच नव्हते, तुझ्याबरोबर गाडीत बसायला येत होते. पण तू बरोबर आहेस."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. कोण जातंय, कोणती वाट, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत परत, आणि तोवर निरोप आला नाही तर कोणाला कळवायचं. दर वेळी असा कागद खाली कोणाकडे तरी ठेवून जातात. पूर्वी तो ज्या दुसऱ्या मित्राकडे असायचा तो एकदा सिनेमाला जाऊन बसला होता.

"तुला बुलेटिन कळतं," ती म्हणाली. "आणि तू घरीच असतेस."

दुसरं वाक्य तिने सहज म्हटलं. मी ते ऐकून घेतलं.

तेव्हापासून माझे शनिवार असे जातात. कागद टेबलावर. दुपारी तीनपर्यंत मी माणसात असते. साडेतीनला घरातले सगळे दिवे लावते. चारला डिशवॉशरमधली धुतलेली भांडी परत धुते. पाचची वेळ दिलेली असली की पावणेपाचला फोन माझ्या हाताला चिकटलेला असतो, आणि मग मेसेज येतो. गाडीपाशी पोचलो, तिघंही. ती तिसरी मी नसते. मी कागदावर फुली मारते आणि 'ओके' लिहून पाठवते. बाकी काय लिहिणार? त्यांना घरी जायचं असतं.

मागच्या शनिवारी सकाळी सातला बुलेटिन उघडलं. आदल्या रात्रीपासून पाऊस, डोंगरातही, नव्या बर्फावर पाऊस. धोका पिवळ्यावरून नारिंगी, म्हणजे मोठा. कागदावरची वाट मी तीनदा वाचली. तिच्यात एक उतार होता, उत्तरेचा, म्हणजे सावलीतला. मुलगी तोवर निघायच्या बेतात असणार. बुलेटिन तिनेही वाचलं असणार, आणि जाणकार ती आहे. माझं म्हणणं कोणी विचारलेलं नव्हतं.

मी फोन केला. "तो शेवटचा उतार. नाही. माझं 'नाही' आहे."

"आई, आम्ही तिथे जाऊन बघणार होतो—"

"नाही."

मागून लाल दाढीचा आवाज आला, काय म्हणतायत काकू? मुलीने त्याला सांगितलं. मग तिने सुस्कारा सोडला, चांगला लांब. "फाइन. आम्ही कॅन्सल करतो. मी वर्कशॉपमध्ये जाते, एक कपाट अर्धवट पडलंय."

"इकडे ये की. आंबोळ्या करते."

"नाही गं. कपाट," ती म्हणाली, आणि ते सरळ, स्वच्छ 'नाही' होतं.

मी तरी पीठ भिजवलं. दिवसभर पाऊस पडत राहिला. टेबलावर कागद होता, पण त्यातला कोणी डोंगरात नव्हता, त्यामुळे त्या दिवशी मला वाट बघायलासुद्धा कोणी नव्हतं. पाच वाजले. मेसेज येणार नव्हता, हे मला माहीत होतं. मी फोन उचलून बघितला, आणि परत ठेवला.